वजाबाकीतली माणसं

शहराला पुढच्या वीस वर्षांसाठी जागा पुरेल का, हा प्रश्न साहेबलोकांचा आहे असं आपण धरून चाललोय. प्लॅनर, आर्किटेक्ट, कमिशनर, बिल्डर यांनी एसीत बसून तो सोडवायचा आणि आपण मोर्चात ओरडायचं, झोपडी तोडू नका. मोर्चा हवाच. पण ज्या कागदातून बुलडोझर निघतो तो कागद आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिलाय? मी पाहिलाय, आणि त्यात माझी काही अक्कलहुशारी नाही. बी.ए. होऊन घरी बसलो होतो, तेव्हा एका सल्लागार कंपनीत रोजंदारीवर नकाशे रंगवायचं काम मिळालं. दीड वर्ष केलं. कुठल्या शहराचे नकाशे ते सांगत नाही, पद्धत सगळीकडं तीच.

दुसरी गोष्ट. माझी आत्या महाड तालुक्यात राहते, तळीयेपासून फार लांब नाही अशा एका बौद्धवाडीत, डोंगराच्या उतारावर. नकाशाचं टेबल आणि आत्याचं घर यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. २२ जुलै २०२१ नंतर वाटायला लागलं.

आधी हिशेब सांगतो. फार सोपा आहे, म्हणून तर तो इंग्रजीत लिहून ठेवतात. शहराचं एकूण क्षेत्रफळ घ्यायचं. त्यातून पाणी वजा करायचं, म्हणजे खाडी, तलाव, नाले. जंगल वजा. तिवरं वजा. किनाऱ्याच्या कायद्यात अडकलेली जमीन वजा. लष्कर, रेल्वे, विमानतळ, बंदर यांची जमीन वजा. खडा उतार वजा. रस्ते आणि आधीच बांधलेलं वजा. खाली जे उरतं त्याला म्हणायचं बांधण्याजोगी जमीन. मग दुसऱ्या बाजूला माणसं मांडायची. आज किती, वीस वर्षांनी किती, एका घरात किती, घराला किती चौरस मीटर. जे बांधकाम येईल त्याला एफएसआयनं भागायचं. एफएसआय म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम चढवायला परवानगी, तो आकडा. दोन्ही बाजू जुळल्या तर जागा पुरते. नाही जुळल्या तर नाही पुरत.

आता मुंबईच्या २०३४ सालापर्यंतच्या विकास आराखड्यानं दहा लाख परवडणाऱ्या घरांचं गाजर दाखवलंय. एक घर तीस चौरस मीटरचं धरा, म्हणजे सव्वातीनशे फूट. दहा लाख घरं म्हणजे तीन कोटी चौरस मीटर, म्हणजेच तीस चौरस किलोमीटर बांधकाम. एफएसआय तीन धरला तर खाली जमीन लागते दहा चौरस किलोमीटर. जिने, भिंती, रस्ता, शाळा, दवाखाना, मैदान यांच्यासाठी तिप्पट करा. तीस. मुंबई महापालिकेची हद्द साडेचारशे चौरस किलोमीटरच्या घरात आहे. म्हणजे पंधरावा हिस्सा. आठवी पास पोरगं हे गणित सोडवेल. मग जागा नाही, जागा नाही म्हणून इतकी वर्षं छाती कोण बडवतंय?

मेख आहे ती वजाबाकीत. काय वजा करायचं आणि काय मोकळं धरायचं, हे ठरवणारा हात कुणाचा?

टेबलावर रंग ठरलेले असत. राहती वस्ती पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, बागा-मैदानं हिरवी. एका शीटवर झोपडपट्टी आली. मी पिवळा घेतला. माणसं राहतात, पोरं शाळेत जातात, नळावर भांडणं होतात, मग पिवळी नाहीतर काय? मागून साहेब आले. म्हणाले, "अरे, तो पिवळा कुठं लावतोस? त्याच्यावर रेघा मार. ते रीडेव्हलपमेंटला धरायचंय."

"म्हणजे काय, सर?"

"म्हणजे उपलब्ध जमीन."

मी रेघा मारल्या. खोटं कशाला सांगू, त्या दिवशीची हजेरी बुडवायची माझी ताकद नव्हती. शेजारच्याच शीटवर एक क्लब होता. संध्याकाळी पत्ते कुटायला येणाऱ्या मूठभर माणसांचा. त्याच्या सगळ्या आवाराला हिरवा रंग. तो वजा. त्याला हात लागत नाही. म्हणजे जिथं हजारो माणसं रात्री झोपतात ती जमीन रिकामी आणि जिथं रात्री कुणीच नसतं ती भरलेली! हे गणित मांडणाऱ्याच्या डोक्यात मनू बसलाय की बाजार, हे मला आजवर नीट कळलेलं नाही. बहुतेक दोघं एकाच खुर्चीवर बसतात.

हे फक्त माझ्या टेबलावरचं नाही. मुंबईच्या याच आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाला आणि चुकांचा इतका बोभाटा झाला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो रद्द करावा लागला. पेपरांनी गाजवलं ते देवळं, चर्च आणि जुन्या वास्तू नकाशातून गायब झाल्या म्हणून. पण झोपडपट्ट्यांच्या आत काय आहे, शाळा कुठं, दवाखाना कुठं, विहार कुठं, हे न दाखवता वस्तीच्या जागी नुसता एक ठिगळ लावला होता, त्याबद्दल अग्रलेख किती आले? २०११ च्या जनगणनेत मुंबईतली चाळीस टक्क्यांच्या आसपास माणसं झोपडपट्टीत होती आणि त्यांच्या अंगाखाली शहराची दहा टक्केसुद्धा जमीन नव्हती. ती दहाच्या आतली जमीन यांच्या हिशेबात "उपलब्ध". त्याच जनगणनेत मुंबईत चार लाखांच्या वर घरं कुलूप लावून रिकामी पडलेली निघाली. ती मात्र "बांधलेली".

आता महाडकडं येतो.

२२ जुलै २०२१. दुपार कलली होती. खाली महाड शहर सावित्री आणि गांधारीच्या पुरात बुडालेलं, आणि वर तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर सुटून आला. ऐंशीच्या वर माणसं गेली. रस्ते बंद, फोन बंद, मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. सगळ्यांची प्रेतंसुद्धा मिळाली नाहीत. शोध थांबवला आणि बेपत्ता माणसांना मृत धरलं. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळ्याला आणि साखरच्या सुतारवाडीत दरडी आल्या. आणि हे पहिल्यांदा झालं असं नाही. जुलै २००५ च्या पावसात याच महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथं घरंच्या घरं गाडली गेली होती. मधे सोळा वर्षं होती. सोळा वर्षांत सी-लिंक झाला, मेट्रो झाली, डोंगराखालच्या वाड्या होत्या तिथंच राहिल्या.

रस्ता सुरू झाल्यावर ऑगस्टमध्ये मी आत्याकडं गेलो. पाऊस लागलेलाच. तिच्या पडवीत बसून विचारलं, "आत्या, हे घर इथं कुणी बांधलं?"

"तुज्या आज्यानं."

"इथंच का पण? एवढ्या चढावर?"

"मंग कुठं बांधणार? खालची खाचरं खोताची. गावठान त्येंचं. आपल्याला सांगितलं, वहाळाच्या पल्याड ऱ्हावा. हितं नुसतं धोंडं व्हतं. आज्यानं न् आजीनं फोडलं, भराव घातला, तवा जोतं उभं ऱ्हायलं."

मग ती मला घरामागं घेऊन गेली. डोंगर खणून घराला जागा केलेली, त्या खणलेल्या भिंतीतून पाण्याचा उमाळा फुटला होता. आत्या म्हणाली, "ह्यो दर पावसाळ्यात फुटतो बाला. पर पाणी कसं आरशावानी यायचं. दोन सालं झाली, लाल येतंय."

मी नकाशे रंगवलेला शहाणा. मला त्यातलं काही कळलं नाही. नंतर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. कोकणातल्या डोंगरात खाली काळा कातळ असतो आणि त्याच्यावर झिजलेल्या दगडाचा न् लाल मातीचा जाड थर. पाणी मातीतून मुरत खाली जातं, कातळावर अडतं, वरची माती भिजून जड होते, आणि एका दिवशी कातळावरून सगळा थर घसरून खाली येतो. पायथा खणलेला असला, रस्त्यासाठी म्हणा की घराच्या जोत्यासाठी, तर आधार आधीच गेलेला. उमाळ्याचं पाणी गढूळ होणं म्हणजे आतली माती वाहून जायला लागलीय. हे आत्याला ठाऊक होतं. भूगर्भशास्त्र न शिकता ठाऊक होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं एवढंच. माझ्या टेबलावर खडा उतार वजा होता, बांधायला नालायक म्हणून. आणि माझीच आत्या त्या वजाबाकीत चूल पेटवून बसली होती.

खोतानंही ती जमीन वजाच केली होती, भाताला नालायक म्हणून. तिथं आम्हाला ढकललं. बाबासाहेबांनी खोतीविरुद्धचं बिल १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, कायद्यानं खोती गेली १९४९ साली. पण खोतानं आखलेली वस्ती कोण पुसणार? खाली सपाट, वहाळाच्या अलीकडं गावठाण. पलीकडं, वर, दगडात आपण. कायदा सातबाऱ्यावर चालला, डोंगर चढून वर आलाच नाही.

मंडळातल्या एका मित्रानं मला विचारलं, "तळीयेची ती वाडी आपली होती का?" मला राग आला, पण प्रश्न दाबून टाकण्यात अर्थ नाही. डोंगरानं जातीचा दाखला मागितला नाही हे खरं. कोकणातला गरीब कुणबी असो, मराठा असो, ठाकर-कातकरी असो, ज्याच्याकडं सपाटी नाही तो उतारावर आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली, ती ठाकरांची. सत्तावीस प्रेतं मिळाली आणि सत्तावन्न माणसं डोंगरातच राहिली. ही वाडी सरकारच्या धोकादायक गावांच्या यादीत नव्हती. म्हणजे इथंही कुणीतरी टेबलावर बसून रेघा मारल्या होत्या आणि चुकीच्या जागी मारल्या होत्या. ज्यांची जमीन वजाबाकीत आहे ती सगळी माणसं आपली आहेत, असं मी त्या मित्राला सांगितलं. त्याला पटलं की नाही ठाऊक नाही. तो पुढं बोललाच नाही.

तळीयेच्या चार दिवस आधी काय झालं आठवतंय? १८ जुलै २०२१, मध्यरात्र उलटून गेलेली, चेंबूरच्या माहुल भागात भारतनगरला उतारावरच्या झोपड्यांवर भिंत कोसळली. विक्रोळीतही तसंच. माणसं झोपेत गेली. २००० सालच्या जुलैत घाटकोपरच्या आझादनगरात डोंगर खाली आला तेव्हाही साठाच्या वर माणसं गेली होती. गावचा उतार सोडून माणूस एसटी धरतो, मुंबईत उतरतो आणि मुंबईचा उतार धरतो. तिथंही सपाटी दुसऱ्याची. मी स्वतः गोवंडीच्या बाजूला राहतो, भरणीवर. आत्याला म्हटलं, पावसाळाभर माझ्याकडं ये. तर म्हणाली, "तुजी खोली तरी कंच्या सपाटीवर हाय रं? मागल्या टायमाला आलेली तवा पाणी मोरीतून घरात आलं व्हतं."

या बाजूचा इतिहास जरा ऐका. मे १९७६, आणीबाणी. ट्रॉम्बेच्या अणुशक्ती केंद्राला शेजार नको म्हणून जनता कॉलनी उचलली, सत्तर हजारांच्या आसपास माणसं, आणि चीता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकली. पावसाळा तोंडावर. त्याच १९७६ साली दिल्लीनं नागरी जमीन कमाल धारणा कायदा केला. मुंबईत पाचशे चौरस मीटरच्या वरची मोकळी जमीन सरकारनं ताब्यात घ्यायची आणि गोरगरिबांच्या घरांना द्यायची. म्हणजे एकाच वर्षात एका हातानं झोपडीवाल्याला चिखलात लोटलं आणि दुसऱ्या हातानं जमीनदाराला कायदा दाखवला. चिखलात लोटणं दोन-चार आठवड्यांत पुरं झालं. कायदा एकतीस वर्षं खुरडत राहिला. त्यातल्या विसाव्या कलमाखाली सूट मिळायची, आणि मालकांनी त्या सुटीत डोकी घालून जमिनी वाचवल्या. शेवटी नोव्हेंबर २००७ मध्ये महाराष्ट्रानं तो कायदाच गुंडाळून टाकला. कारण काय दिलं? कायद्यामुळं जमीन अडकते, बाजारात येत नाही. आता बाजारात आलीय. आपल्याला दिसतेय, पंचेचाळिसाव्या मजल्याच्या रूपात.

गिरण्यांचंही तेच. मुंबईतली सहाशे एकरांच्या आसपास गिरण्यांची जमीन. १९९१ चा नियम होता की विकासाला काढली तर एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेला, एक हिस्सा म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ साली नियमातल्या दोन-चार शब्दांत फेरफार केला आणि वाटणी फक्त गिरणीच्या आवारात आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती ठेवली. शेडखालची जमीन सगळी मालकाची. सुप्रीम कोर्टानं २००६ साली त्यावर शिक्का मारला. शहराच्या ऐन मध्यावर, सपाट, स्टेशनला लागून, पाणी-गटारासकट अशी बांधण्याजोगी जमीन शहरानं आपल्याच हातानं हिशेबातून वजा केली. तेव्हा कुणी म्हणालं नाही की अरे, जागा कमी पडेल.

मग आता घरं कुठं बांधायची म्हणता? मिठागरांवर. धारावीच्या पुनर्विकासासाठी २०२४ साली मुलुंड, भांडुप, कांजुरमार्गची मिळून सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन द्यायला केंद्रानं मान्यता दिली. जे धारावीकर "अपात्र" ठरतील त्यांना तिथं भाड्याची घरं. मिठागरं म्हणजे पावसाचं आणि भरतीचं पाणी धरून ठेवणाऱ्या सखल जागा. वर्षानुवर्षं नकाशावर वजा. बांधायला नालायक. आपली माणसं तिथं न्यायची ठरली की एका रात्रीत लायक! आणि त्याच वर्षी राज्याच्या मंत्रिमंडळानं देवनारच्या डंपिंग ग्राउंडमधली १२४ एकर जागाही याच कामाला दिली. देवनारला मुंबईचा कचरा पडायला लागला १९२७ साली. शंभर वर्षांचा कचरा. त्याच्यावर घर.

१९२७ म्हटलं की आपल्याला महाड आठवतं. मार्चमध्ये चवदार तळं, आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीची होळी. पण त्या डिसेंबरच्या परिषदेला मांडव घालायला महाडात जागा कुणी देत नव्हतं, हे आपल्यातल्या किती पोरांना ठाऊक आहे? हजारो माणसं येणार, गावात मोकळी जमीन भरपूर, आणि जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जमीन दिली, तिच्यावर मांडव पडला. मला तर वाटतं, बांधण्याजोग्या जमिनीचा खरा सर्व्हे महाडात त्या दिवशी झाला. जागा किती आहे हा प्रश्नच नव्हता. ती कुणाच्या हातात आहे आणि तो कुणाला नाही म्हणतोय, हे दिसलं.

मुंबईला जागा कमी पडली की मुंबई रायगडकडं बघते. १९७० साली सिडको आली, पंचाण्णव गावांची जमीन घेऊन नवी मुंबई उभी राहिली. भावासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर जानेवारी १९८४ मध्ये गोळ्या चालल्या, पाच जण गेले, तेव्हा कुठं साडेबारा टक्के परत मिळायची वाट निघाली. आता तिसरी मुंबई. २०२४ साली उरण, पनवेल, पेण या तालुक्यांतली १२४ गावं एमएमआरडीएच्या हवाली केली, ३२३ चौरस किलोमीटर. गावकऱ्यांनी हरकतींचे ढीग लावले. इथं एक गोष्ट जमिनीवर नाव नसलेल्यांनी लक्षात घ्यावी. साडेबारा टक्के हा हिशेब सातबारावाल्यांचा होता. ज्यानं त्या भातात मजुरी केली, ज्याची झोपडी गावकुसाबाहेर गावकीच्या जागेत होती, त्याचे साडेबारा टक्के कशाचे? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखो माणसं तुरुंगात गेली, ती पडीक जमीन मागत होती. आपण त्यानंतर शहरात आलो आणि जमीन मागायचं विसरलो. घर मागायला लागलो. घर म्हणजे त्यांनी दाखवलेल्या जागेवर त्यांनी बांधलेली खोली. जमीन म्हणजे जागा दाखवायचा हक्क. आपल्या सभांतून ही चूक होतेय आणि मीही ती केलीय.

कुणी म्हणेल, मग उंच बांधा, एफएसआय वाढवा, जमीन कमी लागेल. वर मीही तीननं भागलं होतं. पण गोवंडीत या आणि बघा. नटवर पारेख कंपाउंड, लल्लुभाई कंपाउंड. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांना ऊन दिसत नाही. डॉक्टरांनी पाहणी करून सांगितलंय की जिथं उजेड आणि वारा नाही तिथं टीबी जास्त. म्हणून मी गणितात तिप्पट जागा धरली होती. बिल्डर ती तिप्पट खातो आणि उरलेल्याला पुनर्वसन म्हणतो. आणि मजले नुसते चढवून भागत नाही. महाडातच २४ ऑगस्ट २०२० ला पाच मजली इमारत पत्त्यासारखी बसली, सोळा माणसं गेली. इमारत नवी होती, दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती.

कुणी उलट बाजूनं म्हणेल, गरिबाला जिथं मिळेल तिथं बांधू द्या, उतार न् पूर कशाला मधे आणता? हे बोलणारे आपल्यातच आहेत, आणि त्यांचा राग मला समजतो, कारण धोक्याचा कागद दाखवून वस्ती हटवायची आणि मग तिथंच टॉवर चढवायचा ही चाल आपण पाहिलीय. पण आत्याच्या मागचं लाल पाणी मी डोळ्यांनी पाहिलंय. उतार वजा करायलाच पाहिजे. अट एकच. उतार वजा करताना उतारावरचा माणूस वजा करायचा नाही. त्याला त्याच्या शेतापासून, रोजगारापासून चालत जाता येईल अशी सपाटी आधी नेमून द्यायची आणि मग रेघ मारायची. तळीयेत काय झालं? माणसं गेल्यावर जमीन शोधली. म्हाडानं घरं बांधायचं जाहीर केलं ते २०२१ सालीच, पण वाचलेल्या माणसांनी पुढचे पावसाळे कंटेनरच्या पत्र्याखाली काढले. कोकणातला पाऊस पत्र्यावर कसा वाजतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या रात्रींबद्दल वेगळं सांगायला नको. डोंगर पडून गेलेल्या माणसाला पावसाचा आवाज! ती नवी जमीन २०२१ च्या आधीही तिथंच होती. दासगाव-जुई झाल्यावर, २००५ सालीच ती शोधली असती तर?

आणि माणसांची बाजू तरी खरी कुठं मांडतात? २०२१ सालची जनगणना झालीच नाही, ती ढकलत ढकलत २०२७ वर नेली. वीस वर्षांनी मुंबईत किती माणसं, हे सांगणारे सगळे २०११ च्या आकड्याला दोरी बांधून ओढतायत. त्यात गावाकडून हंगामाला येणारा नाही, फूटपाथवरचा नाही, भाड्याच्या पोटमाळ्यावरची चौघं नाहीत. मागणी कमी दाखवायची असली की ही माणसं गळतात, गर्दीनं शहर फुटतंय असं ओरडायचं असलं की तीच माणसं मोजणीत येतात.

म्हणून, दोस्तहो, मला असं वाटतं की हा हिशेब आपण स्वतः मांडायला घेतला पाहिजे. फार मोठं काम नाही. आराखड्याची शीटं महापालिकेच्या वेबसाइटवर आहेत, वॉर्डवार. एक वॉर्ड, एक शीट, चार पोरं, रंगीत पेन्सिली. पहिल्या दिवशी फक्त एवढंच करायचं: कागदावर जिथं रेघा आहेत तिथं जाऊन कोण राहतं ते मोजायचं, आणि जिथं हिरवा किंवा नुसता पांढरा आहे तिथं कुलूप कुणाचं आहे ते बघायचं. रिकामे टॉवर, बंद कारखाने, ट्रस्टांच्या जमिनी, क्लबं, कमाल धारणेतून सूट घेतलेले प्लॉट. जिथं नालायक जमिनीवर माणसं आहेत, म्हणजे नाल्याकाठी, उतारावर, कचऱ्यालगत, ती वेगळ्या रंगानं. दोन्ही रंगांची बेरीज समोरासमोर ठेवायची. वस्तीतल्या जुन्या बायांना विचारल्याशिवाय शीट पुरी करायची नाही. पाणी कुठून शिरतं ते त्यांना इंजिनियरच्या आधी कळतं. ज्यांचं गाव महाड-पोलादपूरकडं आहे त्यांनी गणपतीला किंवा शिमग्याला जाताना वाडीचा गावनकाशा तलाठ्याकडून काढून आणायचा, उमाळे, भेगा, खणलेले पायथे त्याच्यावर मांडायचे आणि वाडीपासून जवळची सपाट जमीन कुणाच्या नावावर आहे ते सातबारा काढून लिहायचं. सरकारी असेल तर ग्रामसभेत ठराव, खाजगी असेल तर तिचं नाव घेऊन मागणी. पावसाळ्याच्या आधी, प्रेतं काढायच्या आधी.

मी एम-पूर्वची तीन शीटं काढलीत, चीता कॅम्पपासून डंपिंगच्या भिंतीपर्यंत. दोन रंगवून झाली. आत्याच्या वाडीचा गावनकाशा पुढच्या महिन्यात आणतो. तलाठी दोनदा भेटला नाही, तिसऱ्यांदा जाणार. घाटकोपर-विक्रोळीच्या डोंगराची शीटं कुणाकडं असतील तर मंडळात आणून द्या, आणि भांडुप-मुलुंडच्या मिठागरांकडं राहणारा एखादा पोरगा पाहिजे, ज्याला भरतीचं पाणी कुठवर येतं ते पायाखालचं माहीत आहे.